तीनदा आघाडी, तीनदा १-२

२०२६ च्या विश्वचषक पात्रतेचा विषय निघाला की भारतीय फुटबॉलचा चाहता आजही एका चेंडूवर येऊन थांबतो. चेंडू गोलरेषेबाहेर गेला होता, तरीही गोल दिला गेला. यात खोटं काहीच नाही. अन्याय झालाच. पण त्या अन्यायामुळे आपल्या रागाला इतकी सोयीची जागा मिळाली, की बाकीच्या पाच सामन्यांचा हिशेब मागायचं राहून गेलं. हे प्रकरण मांडायचं कारण तेच आहे.

आधी तो चेंडू.

११ जून २०२४, दोहा, जासिम बिन हमाद स्टेडियम. पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतला भारताचा शेवटचा सामना, समोर आशियाई विजेता कतार. कतारची पुढची फेरी आधीच पक्की झाली होती, म्हणून त्यांनी बरीचशी तरुण पोरं उतरवली होती. ३७ व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसच्या पासवर लालियानझुआला छांगटेने गोल केला. भारत १-० ने पुढे. तेवढी आघाडी टिकली असती तर भारत इतिहासात पहिल्यांदा तिसऱ्या फेरीत गेला असता.

७३ व्या मिनिटाला कतारची फ्री किक आली. युसूफ आयमनचं हेडर भारताचा गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने खाली पडून अडवलं. चेंडू त्याच्या अंगाखालून निसटला आणि गोलखांबाच्या बाजूने रेषा ओलांडून बाहेर गेला. गुरप्रीत जमिनीवरच होता आणि भारताच्या बचावपटूंनी कॉर्नर मिळणार असं धरून पाय थांबवले. तेवढ्यात अल-हाश्मी अल-हुसेनने बाहेर गेलेला चेंडू टाचेने मागे ओढला आणि आयमनने तो जाळ्यात ढकलला. भारताचे खेळाडू कोरियन पंच किम वू-संग यांच्याभोवती जमले, पंचांनी सहायकाशी बोलून पाहिलं, आणि गोल कायम राहिला. या फेरीत व्हीएआर, म्हणजे चित्रण पाहून पंचाला मदत करण्याची सोय, नव्हतं. ज्यांनी घरी बसून पुन्हा पुन्हा चित्रण पाहिलं त्यांना चेंडू आणि रेषा यांच्यामधली हिरवी पट्टी स्पष्ट दिसत होती. मैदानावर निर्णय देणाऱ्यांना मात्र ते चित्रण बघायची सोय नव्हती.

८५ व्या मिनिटाला अहमद अल-रावीने दुसरा गोल केला. कतार २, भारत १. तिकडे कुवेतने ८१ व्या मिनिटाच्या गोलवर अफगाणिस्तानला १-० ने हरवलं आणि गटात दुसरं स्थान पटकावलं. भारत बाहेर.

काय गेलं हे नीट समजून घेतल्याशिवाय लोक इतके का पेटले ते कळत नाही. हा विश्वचषक पहिल्यांदाच ४८ संघांचा, त्यामुळे आशियाच्या जागा साडेचारवरून साडेआठ झाल्या होत्या (अर्धी जागा म्हणजे प्लेऑफ खेळून मिळवायची). भारत थेट विश्वचषकात जाईल असं शहाणा माणूस म्हणत नव्हता. मागणी साधी होती: कतार, कुवेत, अफगाणिस्तान आणि भारत अशा चार संघांच्या गटात पहिल्या दोघांत या. तेवढ्यावर दोन गोष्टी मिळणार होत्या. एक, तिसरी फेरी, म्हणजे आशियातल्या बड्या संघांशी दहा सामने. दोन, २०२७ च्या आशियाई चषकात थेट प्रवेश. दहा सामन्यांत बहुधा मारच खाल्ला असता. कुवेतने तो खाल्लाच, गटात तळाला राहिले, एकही विजय नाही. पण कोरिया आणि इराकशी घरी नि बाहेर खेळून हरणं, आणि मालदीवला बोलावून मैत्रीपूर्ण सामना खेळणं, यांत एका पिढीच्या शिक्षणाचा फरक असतो.

बरं, आशा हवेतून आली नव्हती. २०२३ चा उन्हाळा आठवा. जूनमध्ये भुवनेश्वरला लेबननला हरवून इंटरकाँटिनेंटल कप, जुलैमध्ये बंगळुरूला कुवेतला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून दक्षिण आशियाई संघांचा सॅफ करंडक. फिफा क्रमवारीत ९९ वा क्रमांक. नोव्हेंबरमध्ये पात्रतेचा पहिलाच सामना कुवेतच्या घरी, आणि मनवीर सिंगच्या गोलवर १-० असा विजय. गटात खरी शर्यत कुवेतशीच होती, आणि तो संघ त्यांच्याच मैदानावर पहिल्या दिवशी हरला होता. त्या रात्री ज्यांनी तिसऱ्या फेरीची स्वप्नं पाहिली त्यांना भाबडं म्हणता येणार नाही. कागदावरचं गणित त्यांच्याच बाजूने होतं.

पुढचं गणित मात्र असं आहे. पाच दिवसांनी भुवनेश्वरला कतारकडून ०-३. जानेवारीत आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१. तीन सामने, शून्य गोल. मार्चमध्ये अफगाणिस्तानशी सौदीतल्या अभा इथे ०-०, मग गुवाहाटीत १-२. जूनमध्ये कोलकात्यात कुवेतशी ०-०. कुवेतमधल्या मनवीरच्या गोलपासून दोहातल्या छांगटेच्या गोलपर्यंत भारत सात सामने खेळला आणि एकूण गोल केला एक. तोही पेनल्टीवर. चालू खेळात सात महिने एकही गोल नाही. बाहेर गेलेल्या त्या चेंडूबद्दल बोलताना हा आकडा कुणी शेजारी ठेवत नाही.

गुवाहाटी

माझ्या मते हे प्रकरण दोहात घडलंच नाही. ते २६ मार्च २०२४ ला गुवाहाटीत घडलं.

अफगाणिस्तान तेव्हा क्रमवारीत १५८ वा, भारत ११७ वा. नुसत्या क्रमवारीवर जाऊ नका, त्यांची अवस्था पाहा. स्वतःच्या देशात खेळता येत नाही, म्हणून ‘घरचा’ सामना सौदीत. त्यांच्या फुटबॉल महासंघाशी झालेल्या वादातून नेहमीच्या अनेक खेळाडूंनी संघावर बहिष्कार टाकलेला. प्रशिक्षक ॲशली वेस्टवूड, ज्यांनी बंगळुरू एफसीला दोनदा आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, जिंकून दिली होती. म्हणजे भारतीय खेळाडू कसे खेळतात आणि कुठे अडखळतात हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

भारताकडे सुनील छेत्री होता, त्याचा १५० वा आंतरराष्ट्रीय सामना. ३८ व्या मिनिटाला हँडबॉलची पेनल्टी मिळाली, छेत्रीने ती मारली. १-०. पुढचा अर्धा तास भारताने ना दुसऱ्या गोलसाठी जीव टाकला, ना आहे तो सामना थंड डोक्याने बांधून ठेवला. ७० व्या मिनिटाला रहमत अकबरीचा फटका भारतीय बचावपटूला लागून दिशा बदलून आत गेला. ८८ व्या मिनिटाला गुरप्रीत पुढे धावत आला, अफगाण खेळाडूला पाडलं, पेनल्टी. शरीफ मुखम्मदने ती जाळ्यात मारली.

आता दोन्ही सामने शेजारी ठेवा. गुवाहाटीत ३८ व्या मिनिटाला आघाडी, ७० व्या मिनिटाला बरोबरी, ८८ व्या मिनिटाला पराभव. दोहात ३७, ७३, ८५. समोर वेगळा संघ, वेगळा पंच, वेगळं हवामान, आणि घड्याळ जवळपास तेच. एकदा चेंडू बाहेर गेलेला असताना गोल झाला, एकदा बचावपटूला लागून झाला. पण सत्तराव्या मिनिटापासून संघ खचतो ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, आणि ती कुठल्याही पंचाच्या हातात नव्हती.

गटाचा अंतिम तक्ता: कतार १६, कुवेत ७, भारत ५, अफगाणिस्तान ५. चाहत्यांमध्ये जे वाद झाले त्यांत हा तक्ता फार थोड्यांनी नीट सोडवून पाहिला. गुवाहाटीत जिंकलो असतो तर भारताचे ८ गुण झाले असते आणि दोहात हरूनही, अगदी तो बाहेरचा चेंडू मान्य करूनही, आपण पुढे गेलो असतो. कोलकात्यात कुवेतला हरवलं असतं तर भारत ७, कुवेत ६. तरीही पुढे. अभात जिंकलो असतो तर मात्र ७-७ होऊन गोलफरकावर अडकलो असतो.

उलट बाजू पाहा. आयमनचा तो गोल रद्द करा आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा. सामना १-१, भारताचे ६ गुण, कुवेतचे ७. आपण तरीही बाहेर! अर्थात असं ‘बाकी सगळं तसंच’ कधी नसतं. तो गोल रद्द होऊन भारत पुढेच राहिला असता तर शेवटची सतरा मिनिटं वेगळी खेळली गेली असती, हे मी मान्य करतो. गोल झाल्यावर खेळाडूंचं डोकं फिरलं होतं हेही दिसत होतं. पण ‘पंचाने विश्वचषक हिसकावला’ हे वाक्य जितक्या ठामपणे बोललं गेलं, तितकं बळ या आकड्यांत नाही.

कोलकात्याचा निरोप

गुवाहाटी आणि दोहा यांच्यामध्ये ६ जूनचा सामना आहे, आणि त्याबद्दल बोलायला चाहत्यांनाही अवघड जातं, कारण त्यात छेत्री आहे.

१६ मे ला छेत्रीने जाहीर केलं की कुवेतविरुद्धचा सामना आपला शेवटचा. १५१ सामने, ९४ गोल, एकोणीस वर्षं. सॉल्ट लेकवर ५९ हजारांच्या आसपास लोक आले. एवढी गर्दी भारताच्या पात्रता सामन्याला मिळावी म्हणून आपण वर्षानुवर्षं तळमळतो. पण त्या सामन्याचं नाव काय होतं? ‘छेत्रीचा निरोप.’ खरं तर ती ‘जिंकाच’ अशी लढत होती. दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीलाच रहीम अली एकटा गोलरक्षकासमोर पोचला आणि त्याचा फटका गोलरक्षकाने पायाने अडवला. सामना ०-० सुटला, छेत्री रडला, स्टेडियम रडलं, आणि दोन गुण कोलकात्यातच राहिले.

छेत्रीला दोष द्यायचा नाही. ज्या माणसाने एवढी वर्षं संघ खांद्यावर वाहिला, त्याला निरोपाची तारीख निवडायचा हक्क आहे. प्रश्न दुसरा आहे. ३९ वर्षांचा माणूस जाणार म्हटल्यावर एका देशाला गोल कोण करणार हेच सापडत नाही, ही अवस्था एका मे महिन्यात येत नाही.

राग कुठे कुठे गेला

भारतीय संघ आणि चाहते यांच्यात रागाची बोलणी आधीच झालेली होती. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात भारताने चायनीज तैपेईला ५-० ने धुतलं, छेत्रीने तीन गोल केले, आणि बघायला आले होते अडीच हजारांच्या घरात लोक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकून हात जोडले. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं: युरोपातले क्लब बघता, चांगलं आहे, आमचा दर्जा तेवढा नाही हेही कबूल, पण इंटरनेटवर शिव्या देण्यापेक्षा मैदानात येऊन तोंडावर द्या. पुढचा केनियाविरुद्धचा सामना तिकिटं संपून भरला. पावसात भिजत लोक ओरडत होते.

म्हणजे चाहत्याला शिव्या द्यायला कर्णधारानेच बोलावलं होतं. ‘ब्लू पिलग्रिम्स’सारखे गट २०१७ पासून संघामागे देशोदेशी फिरतायत. त्यांचा राग ऐऱ्यागैऱ्याचा नाही, पदरचे पैसे घालून कमावलेला आहे. आणि आपल्याकडे फुटबॉलवेड नाही असंही नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा सामना असला की बसायला जागा मिळत नाही, आणि विश्वचषकाच्या महिन्यात गल्ल्यांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. भारताचा झेंडा त्या रांगेत कधी लागणार, हा प्रश्न कोल्हापूरकर थट्टेत विचारतो, पण थट्टा वरवरची असते.

दोहानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत हा राग पंचावर कोसळला. भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष कल्याण चौबे यांनी चौकशीची मागणी केली, फिफा आणि आशियाई महासंघाकडे पत्रं गेली. पत्र लिहायलाच हवं होतं. पण फुटबॉलचा नियम इथे सरळ आहे: खेळातल्या घटनांबाबत, गोल झाला की नाही यासह, पंचाचा निर्णय अंतिम. चेंडू पूर्ण रेषेपार गेला की तो बाहेर, हाही नियमच. पण तो गेला की नाही हे त्या क्षणी पंचाने ठरवायचं. सामना पुन्हा खेळवला जाण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच. महासंघात बसलेल्या लोकांना हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. तरी ते पत्र आठवडाभर बातम्यांत राहिलं, आणि तेवढे दिवस महासंघ आरोपीच्या पिंजऱ्याऐवजी फिर्यादीच्या जागेवर उभा राहिला.

मग राग प्रशिक्षकाकडे वळला. इगोर स्टिमॅक २०१९ पासून होते. तिसऱ्या फेरीत नेलं नाही तर मी जाईन, असं ते स्वतःच बोलून बसले होते. १७ जूनला महासंघाने त्यांना काढलं. चाहत्यांना थोडं हलकं वाटलं. पण त्यांचा करार जेमतेम आठ महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, २०२६ पर्यंत वाढवला होता तो याच महासंघाने. शेवटी तडजोड म्हणून त्यांना ४ लाख डॉलर द्यावे लागले. मैदान, युवा लीग, प्रशिक्षकांचं शिक्षण यांसाठी पैसा नाही असं जिथे कायम ऐकायला मिळतं, तिथून हे गेले. यावर चाहत्यांनी जेवढं रान उठवायला हवं होतं त्याच्या पावपटही उठवलं नाही.

स्टिमॅक यांची एक तक्रार मात्र त्यांच्यासोबत हाकलून द्यायला नको होती: शिबिरासाठी वेळ मिळत नाही आणि भारतीय स्ट्रायकर क्लबमध्ये खेळतच नाहीत. आपल्या अपयशाचं खापर ते दुसऱ्यांवर फोडत होते हे खरं, पण मुद्दा खोटा नव्हता. इंडियन सुपर लीगमध्ये मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडू चालतात. क्लब पैसे मोजून परदेशी माणूस आणतो तो बहुधा कुठे खेळवायला? गोल करायला. मधली क्रमांक नऊची जागा परदेशी, आणि भारतीय पोरगा बाजूला, विंगवर. छांगटे विंगचा, मनवीरही बराच काळ विंगचाच. क्लबच्या मालकाला दोष द्यावा तर त्याला लीग जिंकायची आहे, देशाचा स्ट्रायकर घडवायचं कंत्राट त्याने घेतलेलं नाही. ते काम ज्यांचं, ते पत्र लिहिण्यात गुंतले होते.

एक पोटविषय इथेच मिटवतो. असा पराभव झाला की कुणीतरी १९५० काढतोच: ‘आपण तेव्हा विश्वचषकाला पात्र ठरलो होतो, अनवाणी खेळायला दिलं नाही म्हणून गेलो नाही.’ त्या वेळी ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स यांनी माघार घेतली म्हणून भारताला जागा मिळाली होती, पात्रतेचा एकही सामना न खेळता. न जाण्याचं कारणही फक्त बूट नव्हतं. प्रवास, सराव, आणि तेव्हा ऑलिंपिकला दिलं जाणारं महत्त्व अशी बरीच कारणं होती. भारत पात्रतेचे सामने प्रत्यक्ष खेळायला लागला तो १९८६ च्या विश्वचषकासाठी. हरवलेल्या वैभवाची ही गोष्ट चाहत्याला दर चार वर्षांनी थोडा दिलासा देते, म्हणूनच ती मरत नाही.

दुसरा प्रवेश

थेट जागा गेल्यामुळे आशियाई चषकासाठी भारताला वेगळी पात्रता खेळावी लागली. गटात हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश. पहिला येईल तोच जाणार. ‘हा गट तरी...’ असं म्हणत चाहते परत आले. राग कितीही असो, सोडत नाहीत.

स्टिमॅक यांच्या जागी मनोलो मार्केझ आले, आणि सुरुवातीला ते एफसी गोवाचेही प्रशिक्षक राहिले. एका माणसाला दोन नोकऱ्या द्यायची कल्पना कुणाची, हे विचारायला हवं होतं. २०२४ हे अख्खं वर्ष भारताने एकही सामना जिंकला नाही. मार्च २०२५ मध्ये निवृत्त छेत्रीला परत आणलं गेलं. वय ४०. शिलाँगला मालदीवला ३-० ने हरवलं, छेत्रीने गोलही केला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा अर्थ लागला नाही. नऊ महिन्यांपूर्वी ज्याच्या निरोपासाठी रडलो, त्यालाच बोलवावं लागणं ही शरमेची गोष्ट होती, त्याची नव्हे, आपली.

सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशशी ०-०. जूनमध्ये हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेत पेनल्टी देऊन ०-१. समोरच्या बाकावर प्रशिक्षक कोण? ॲशली वेस्टवूड. गुवाहाटीत अफगाणिस्तानसोबत असलेला तोच माणूस आता दुसऱ्या देशाचा संघ घेऊन आला होता, आणि पुन्हा शेवटच्या मिनिटांतल्या पेनल्टीवर जिंकून गेला. भारतीय संघाला कसं हरवायचं हे त्याला समजलंय, आणि आपण का हरतो हे आपल्याकडे कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही. मार्केझ यांनी जुलैमध्ये पद सोडलं, आठ सामन्यांत एक विजय. त्याच महिन्यात सुपर लीगच्या आयोजकांनी महासंघाबरोबरच्या कराराचा तिढा सुटत नाही म्हणून पुढचा हंगामच थांबवला. राष्ट्रीय संघाच्या खेळाडूंना आपला क्लब कधी खेळणार हे माहीत नाही, अशा अवस्थेत पात्रतेचे उरलेले सामने आले.

ऑगस्टमध्ये खालिद जमील आले. चाहत्यांची ही जुनी मागणी होती: आपला माणूस आणा. मुंबई एफसी वर्षानुवर्षं सांभाळलेला, ऐझॉलसारख्या छोट्या संघाला २०१७ मध्ये आय-लीग जिंकून देणारा. सुरुवात झकास झाली, सप्टेंबरमध्ये मध्य आशियाई नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरं स्थान. ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये संदेश झिंगनला लाल कार्ड मिळून दहा जणांवर आलेल्या भारताने ९० व्या मिनिटाला १-१ केलं. गोल कुणाचा? रहीम अलीचा, कोलकात्यात हुकलेल्याच रहीम अलीचा. फुटबॉल असा अधूनमधून परतफेड करतो आणि माणूस पुन्हा तिकीट काढतो.

१४ ऑक्टोबर २०२५, मडगावचं फातोर्डा स्टेडियम. जिंकणं आवश्यक. १४ व्या मिनिटाला छांगटेने लांबून डाव्या पायाने अफलातून गोल केला. १-०. ४४ व्या मिनिटाला सिंगापूरच्या साँग उई-यंगने बरोबरी केली, ५८ व्या मिनिटाला त्यानेच दुसरा. १-२.

गुवाहाटी, दोहा, फातोर्डा. दीड वर्षात तीन निर्णायक सामने, तिन्हींत पहिला गोल भारताचा, तिन्हींत निकाल १-२. पण फातोर्डात चेंडू रेषेबाहेर गेलेला नव्हता. प्रशिक्षक परदेशी नव्हता. मैदान, गवत, हवा, प्रेक्षक सगळं आपलं. दोहात एका गोलने जे झाकलं होतं ते इथे उघडं पडलं: पुढे असताना सामना कसा हाताळायचा हे या संघाला कुणी शिकवलेलं नाही, आणि दुसरा गोल करणारा माणूस या देशाकडे नाही. चाहत्यांनी त्या रात्री शिव्या कुणाला द्यायच्या यावरच एकमत होईना. जमील यांना म्हणावं तर ते अडीच महिन्यांचे. खेळाडूंना म्हणावं तर त्यांची लीगच बंद. बरेच लोक पहिल्यांदाच महासंघाच्या निवडणुका, लीगचा करार, युवा स्पर्धांचं वेळापत्रक अशा कंटाळवाण्या गोष्टींबद्दल बोलताना दिसले. मला तरी ती चर्चा दोहानंतरच्या आरडाओरड्यापेक्षा कितीतरी कामाची वाटली.

१८ नोव्हेंबरला भारत ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ हरला, २००३ नंतर पहिल्यांदाच. क्रमवारीत १४२ वा क्रमांक आला; दोन वर्षांपूर्वी तो ९९ होता. त्याच रात्री सिंगापूरचा संघ हाँगकाँगमध्ये वेस्टवूड यांच्या संघासमोर पहिल्या अर्ध्यात ०-१ ने मागे होता. दुसऱ्या अर्ध्यात चार-पाच मिनिटांच्या अंतराने त्यांनी दोन गोल केले, सामना २-१ ने जिंकला, आणि आशियाई चषकात जाऊन बसले.